मागे येणाऱ्याला दिलेल्या हाका

स्केटिंग शिकवणाऱ्या बाईला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, "तुम्ही स्वतः कधी पडलात का?" पडले. डावं मनगट दोनदा मोडलंय, माकडहाड एकदा. गुडघ्यांचा विषय घरात कोणी काढत नाही. पण माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक मी दोन्ही पायांवर ठणठणीत उभी असताना केली, आणि ती चूक आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. संपादकांनी 'कारकिर्दीचा प्रवास' लिहा म्हणून सांगितलं होतं. प्रवास वगैरे काही नाही. त्या चुकीबद्दल लिहिते.

भिवंडीतल्या एका शाळेत मी पी.टी.ची बाई होते. निवृत्त झाले तरी रविवारचा स्केटिंगचा वर्ग काही सुटला नाही. जिथे पायी चालायला धड रस्ता नाही तिथे चाकांवर काय शिकवता, असं सगळे चिडवायचे. खरं आहे ते. निजामपुऱ्याच्या गल्लीत स्केट घालून उतरायचं तर रिक्षा, हातगाडी, सुताचे अवजड बीम, म्हणजे रूळ, वाहणारा टेम्पो आणि मधेच फतकल मारून बसलेली शेळी, या सगळ्यांना वळसा घालावा लागेल. पण याच भिवंडीभोवती गोदामं उभी राहिली, आणि गोदामाची जमीन म्हणजे काय चीज असते ते स्केटिंगवाल्याला विचारा. मशिनने घोटलेलं काँक्रीट, त्यात खड्डा नाही की फट नाही. नवी शेड रिकामी दिसली की मी मालकाला गाठायचे. भाडेकरू मिळेपर्यंत रविवारची सकाळ आमची. भाडेकरू आला की आम्ही आपले स्केट उचलून पुढच्या शेडमध्ये. शेलारपासून अंजूरपर्यंत माझी शाळा अशी फिरत राहिली.

ज्यांनी कधी स्केट घातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुढे जाणं कोणालाही येतं. पहिल्या दिवशी भिंत धरून, चौथ्या दिवशी भिंत सोडून. मागे जाणं हा निराळा विषय आहे. त्यासाठी पायाची बोटं आत आणि टाचा बाहेर करायच्या, गुडघे वाकवायचे आणि दोन्ही पावलं बाहेर ढकलून पुन्हा जवळ आणायची. जमिनीवर लिंबाचा आकार काढायचा, मग त्याला जोडून दुसरं लिंबू, मग तिसरं. शरीर मागे झुकलं तर माकडहाड आपटतं, फार पुढे झुकलं तर स्केटच्या नाकाशी असलेला रबरी स्टॉपर घासतो आणि माणूस तोंडावर येतो. हे सगळं पंधरा दिवसांत जमतं. जमत नाही ती भीती. मागे काय आहे ते दिसत नाही, एवढीच ती भीती असते, पण ती पुरते.

त्या भीतीवर मी माझा एक उपाय काढला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. शिकणाऱ्याच्या मागे, दहा पावलांवर मी उभी राहायचे आणि हाक द्यायचे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस!" आपल्याकडे गाडी मागे घेताना कोणीतरी उभं राहून हेच करतं. ट्रक असो, टेम्पो असो, ड्रायव्हर आरशात बघत नाही, हाकेवर येतो. पोरांनाही ते ओळखीचं होतं. माझा आवाज ऐकत ती बिनधास्त मागे यायची. बाकीचे कोच महिना लावायचे तिथे माझी पोरं आठवड्यात मागे धावायची.

पहिला धक्का नाझनीनने दिला होता. निजामपुऱ्यातल्या पॉवरलूमवाल्या घरातली ही मुलगी, माझ्या वर्गातली सगळ्यात तयार. जिल्ह्याच्या स्पर्धेत कोचला कठड्याबाहेर उभं केलं आणि ओरडायला बंदी घातली. नाझनीन ऐटीत मागे निघाली, निम्म्यावर आली आणि थांबली. पडली नाही, अडखळली नाही, नुसती थांबली आणि प्रेक्षकांत मला शोधू लागली. नंतर रिक्षात म्हणाली, "बाई, तुमचा आवाजच आला नाही." मी तिला समजावलं, की स्टेजची भीती अशीच असते, पुढच्या वेळी होईल. पुढची वेळ आली नाही. तिने स्केटिंग सोडलं, आणि मी तिला भित्री ठरवून मोकळी झाले. त्याचं मला आज वाईट वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

आता हरेश.

अंजूरच्या बाजूला एका कंपाउंडमध्ये दोन शेड होत्या. एकीत कंपनीचा माल आलेला, दुसरी रिकामी, म्हणजे आमची. मधे काँक्रीटचं मोठं आवार. रविवारी कंपनी बंद असायची, तरी एक माणूस समोरच्या शेडच्या पायरीवर येऊन बसायचा आणि पोरांना मागे जाताना बघायचा. तीन रविवार बसला. चौथ्या रविवारी उठून आला.

"बाई, मोठ्या मानसाला शिकवताव का?"

"किती मोठ्या?"

"अडतीस."

"गुडघे कसे आहेत?"

"गुडघे धड हायेत. डोकं धड न्हाय." मग म्हणाला, "मना निस्तं मागं जाया शिकवा. पुडचं न्हाय पायजे."

पुढे आल्याशिवाय मागे येत नाही, असं मी सांगितलं तेव्हा तो वैतागला. "मंग दोनी शिकवा. पन मागचं बेगीन शिकवा."

हा हरेश कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. फोर्कलिफ्टवर माल उंच रचला की ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही, म्हणून भरलेली गाडी उलटी चालवायची असा नियमच असतो. म्हणजे हा माणूस अर्धा दिवस मागे जायचा. आधीच्या कंपाउंडमध्ये सात वर्षं चालवली, एक ओरखडा नाही. घराजवळ म्हणून स्वतः मागून इथे बदली घेतली. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदाच आवारातून माल पलीकडच्या भिंतीशी लागलेल्या कंटेनरकडे नेताना गाडी अचानक वळली आणि हाक द्यायला उभ्या असलेल्या रामसेवक नावाच्या लोडरच्या पायावर गेली. त्याच्या पायाची दोन बोटं चेचली. हरेश प्यायला नव्हता, ते तपासून झालं. गाडीतही बिघाड नव्हता. गाडी का वळली हे त्याला स्वतःलाच सांगता येईना. त्यानंतर तो रिव्हर्स टाकायला गेला की गाडी बंद करून खाली उतरायचा.

सुपरवायझरने त्याला मुदत दिली होती. "दो महीना देता हूँ. फिर ट्रायल. सीधा पीछे नहीं आया तो लोडिंग में जा."

लोडिंग म्हणजे पाठीवर गोणी. त्यात हलकं काही नाही, पण हरेशला ते मरणासारखं होतं. "बाई, ही जागा आमची व्हती. आमचा शेत. बाबानं इकला, शेड उठली, आमी काय बोललो न्हाय. मशिनीव बसून फिरतो ते येगलं. पन या जागेव मी गोनी उचलनार न्हाय. गावान सगली बघतील." मी ऐकून घेतलं. शेत होतं तर होतं. अंजूरला आता कुठलीही शेड कोणाच्या तरी शेतावरच असते, त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

मोठा माणूस स्केट शिकतो तेव्हा बघवत नाही. हरेश तर सहा फुटी. पण चिकाटी दांडगी. पोरं गेल्यावर अकरा वाजता आमचा वर्ग सुरू व्हायचा. पडायचा, "आयला" म्हणायचा, उठायचा. तिसऱ्या रविवारी पुढे नीट जायला लागला, चौथ्या रविवारी रिकाम्या शेडमध्ये मागेही जायला लागला, आणि तेही दोरीत. मी म्हटलं, आता बाहेर आवारात ये, मोकळ्यावर भीती जाईल.

आवारात मी शेडच्या दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत खडूची सरळ रेघ ओढली, रेघेच्या टोकाला उभी राहिले आणि हाक दिली, "येऊ दे, येऊ दे…" निम्म्यापर्यंत तो छान आला. मग उजवीकडे वळला. पुन्हा. पुन्हा वळला. दहा वेळा केलं, दहा वेळा वळला.

मी निदान केलं की डावा पाय कमजोर आहे. या बाबतीत माझा शब्द ठाण्यापर्यंत मानतात, हे नम्रपणे नमूद करते. मग एका पायावर उभं राहणं, डाव्या पायाने एकट्याने लिंबं काढणं, घरी टॉवेल बोटांनी गोळा करणं, असे एकेक व्यायाम दिले. तो बिचारा सगळं इमानाने करायचा. तीन रविवार मी त्या डाव्या पायाच्या मागे लागले होते. पाय घोड्यासारखा झाला. वळणं तिळभर कमी झालं नाही.

मग वाटलं जमिनीला उतार असेल. काचेची गोटी आणून ठेवली. जागची हलली नाही. उलट्या बाजूने, म्हणजे भिंतीकडून शेडकडे मागे यायला सांगितलं. नाकासमोर आला! आता मात्र मी चक्रावले. पाय तेच, जमीन तीच, माणूस तोच. मी तो जिथे वळतो तिथे प्रत्येक वेळी खडूने फुली मारायला लागले. सात-आठ फुल्या झाल्या आणि मी बघतच राहिले. सगळ्या हातभर जागेत होत्या. पायात दोष असता तर फुल्या आवारभर विखुरल्या असत्या.

"हरेश, या जागेवर काय आहे?"

तो आला, फुल्यांकडे बघितलं, मग दोन्ही शेडकडे, मग कंपाउंडबाहेरच्या आंब्याकडे. तिथल्या तिथे खाली बसला.

"बाई, इकरं आमची बाव व्हती."

बाव म्हणजे विहीर. जमीन दिली तेव्हा ती बुजवायची होती. हरेश त्या वेळी बांधकामवाल्याकडे डंपर चालवायचा. दुसऱ्या ड्रायव्हरला काम दिलं होतं, पण हाच म्हणाला, आमची बाव आहे, परक्याने नको, मी भरतो. डबर आणि मुरूम भरलेला डंपर, आता आमची शेड आहे त्या बाजूने, उलटा काठापर्यंत आणायचा, उभा करायचा आणि पाठ उचलून ओतायचं. एक हात मागे गेला तर गाडीसकट आत.

"हाक कोण देत होतं?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत नव्हतं, एवढं खरं सांगते.

"बाबा. बाबा काठाव उभा व्हता. बोलला, दुसरा कोन नको, पोरगा माजा हाय. 'येव दे, येव दे' करायचा, न चाक काठाशी आला का 'बस' बोलायचा. चार दिस भरत व्हतो." थोडा वेळ खडूच्या फुल्या बोटाने पुसत राहिला. "त्या दिसापासून बाबा माज्याशी बावचं एक अक्षर बोलला न्हाय. जेवतो, हसतो, सगलं. बावचं न्हाय. या गेटाच्या आत पन पाय टाकला न्हाय. माज्याव राग हाय त्याचा."

मी त्याच्या शेजारी बसले. हाक दिली की मागे यायचं आणि या जागेवर काठ आहे, हे त्याच्या अंगात चार दिवसांत मुरलं होतं. रामसेवकने 'आने दो, आने दो' म्हटलं आणि अंगाने बाव चुकवली. पुढे मी खडूची रेघ ओढून त्याच जागी, त्याच हाकेने त्याला दहा-दहा वेळा काठावर आणत होते आणि वर म्हणत होते की तुझा डावा पाय कच्चा आहे. मला लाज वाटली. त्या क्षणी रिक्षात बसलेली नाझनीनही आठवली, आणि तिच्याबद्दलची लाज जुनी असल्यामुळे जास्त टोचली.

मी म्हटलं, मी हाक देत नाही, मान वळव आणि स्वतः बघत ये. तो निघाला, खांद्यावरून बघत बघत फुल्यांपर्यंत आला आणि थांबला. डोळ्यांना सपाट काँक्रीट दिसत होतं. पाय सरकत नव्हता. हाक दिली तर वळायचा, नाही दिली तर थांबायचा. त्या दिवशी आम्ही दोघं हरलो. ट्रायलला नऊ दिवस राहिले होते.

आठवड्यात मी त्याच्या घरी गेले. त्याचे वडील, गोमादादा, ओटीवर खुर्ची टाकून मोबाइलवर भजन ऐकत होते. सत्तरीचा वाळका माणूस, डोळे तिखट. मी सगळं सांगितलं, फुल्यांसकट. ऐकून म्हणाले, "मी तिकरं येत न्हाय."

"का?"

"काय बगायचं हाय तिकरं? शिमिट."

"दादा, हरेशला वाटतं तुमचा त्याच्यावर राग आहे."

म्हातारा एकदम चिडला. "माजा राग? त्याच्याव? मीच इकली, न मीच त्याला काठाव उभा राहून भराया लावली. पोराच्या हातनं बापाची बाव… त्याला कसा तोंड दाखवू? मी बोललो न्हाय, कारन मना वाटला त्योच रागावलाय." मग भजन बंद केलं. "त्याची ड्युटी जाईल?"

"मशीन जाईल. गोणी उचलाव्या लागतील."

"तितंच?"

"तिथेच."

मी चहा पिऊन परत आले.

ट्रायल मंगळवारी झाली आणि हरेश पास झाला. मी तिथे नव्हते. ऐकलं ते इतकंच, की लोडर हाक द्यायला पुढे आला तेव्हा हरेश म्हणाला, "तू बाजू हो जा, मैं देख के आता हूँ," आणि मान वळवून सरळ मागे गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीच्या रविवारचं. मीही त्यानंतर हाका देणं सोडलं. आता माझी पोरं पहिल्या दिवसापासून मान वळवून स्वतः बघतात आणि मागे जायला त्यांना महिना लागतो. नाझनीनला फोन करून हे सांगायला हवं होतं. नंबर मिळवला होता, केला नाही.

त्या रविवारी अकराला मी आणि हरेश आवारात होतो. गेटातून गोमादादा आले. अंगात इस्त्रीचा सदरा. कोणाला काही विचारलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. सगळीकडे एकसारखं काँक्रीट, फुल्या केव्हाच पुसल्या गेलेल्या, आणि हा माणूस तडक चालत जाऊन नेमका तिथे, पलीकडच्या काठाला उभा राहिला. हरेशने स्केट बांधले होते. वडिलांना बघून तो शेडच्या दारापर्यंत गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"येव दे," म्हाताऱ्याने हाक दिली.

आवाज मोठा नव्हता. हरेश निघाला. "येव दे, येव दे, येव दे…" लिंबामागे लिंबू काढत तो सरळ येत होता. निम्म्यावर आला. बावीच्या काठाशी आला. गोमादादा गप्प झाले. हरेशचं शरीर आखडलं, उजवा खांदा वळायला लागला.

"येव दे," म्हातारा म्हणाला, आणि स्वतः एक पाऊल मागे सरकला. "येव दे रं. हाय मी."

हरेश बावीवर आला. गोमादादा मागे मागे चालत होते, त्याच्याकडे बघत, हात हलवत, "येव दे, येव दे," आणि हरेश त्या आवाजामागे येत होता. बावीचा घेर पार झाला. तो तसूभरही वळला नव्हता. भिंत आली तेव्हा म्हाताऱ्याने पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "बस."

हरेश स्टॉपरवर थांबला. वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती. गोमादादा त्याच्या बाजूने पुढे गेले, परत त्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि टाचेने दोनदा जमीन ठोकली. पुन्हा जरा सरकून ठोकली.

"बरी भरलीस," ते म्हणाले. "इतकी वर्सं झाली, कुटं दबली न्हाय."

हरेश तिथल्या तिथे खाली बसला. स्केट काढायला वाकला, पण बोटं नीट चालेनात, गाठ आणखी आवळत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी पुढे झाले नाही. गोमादादा त्याच्या पायाशी उकिडवे बसले, त्याचा हात बाजूला केला आणि एकेक लेस सोडवायला लागले.